धूळ कराचीची, की शेजारच्या बांधकामाची?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि चौथ्या वर्षापासून त्याला बालदमा आहे. समुद्राकाठची हवा त्याला मानवेल असे अनेकांनी सांगितल्यामुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही भांडुपचे घर भाड्याने दिले आणि माहीमला, समुद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर राहायला आलो. पावसाळ्यात तो बरा असतो. परंतु दिवाळीनंतर खोकला सुरू होतो, तो होळीपर्यंत जात नाही. जानेवारीत तर आठवड्यातून तीन-चार वेळा निळा पंप द्यावा लागतो. आमच्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना पुनर्विकासाचे काम चालू आहे. सोसायटीच्या सभेत मी तो विषय काढला, तेव्हा ही सगळी धूळ पाकिस्तानातून आणि आखातातून येते असे सेक्रेटरींनी सांगितले आणि उपग्रहाची छायाचित्रेही ग्रुपवर टाकली. मी ऑनलाइन एक लहान मीटर मागवले आहे. ते पहाटे सहा वाजता १५० ते १८० आकडा दाखवते, आणि मोबाइलवर शहराचा निर्देशांक त्याच वेळी १४० असतो. यजमानांचे म्हणणे असे, की सासूबाई रत्नागिरीजवळच्या गावी असतात, तर मुलाला तिकडच्याच शाळेत घालावे. धूळ खरोखरच इतक्या लांबून येते का? येत असेल, तर खिडक्या बंद करण्यापलीकडे आमच्या हातात काय आहे? आणि गावी जाणे हा उपाय ठरेल का?
— एक आई, माहीम

उत्तर : आपल्या सेक्रेटरींचे म्हणणे निखालस खोटे नाही, आणि म्हणूनच ते सभेत खोडून काढणे आपल्याला अवघड गेले असावे. वाळवंटातील धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईत येते, एखाद्या दिवशी ती डोळ्यांना दिसेल इतकी येते, आणि धुळीपेक्षाही बारीक असे धुराचे कण तर तिच्याहून लांबचा प्रवास करू शकतात. परंतु आपल्या मुलाचा खोकला दिवाळीपासून होळीपर्यंत टिकतो, आणि वाळवंटातले कोणतेही वादळ चार महिने चालत नाही. त्यामुळे लांबून काय येते हे समजून घेतलेच पाहिजे, पण ते समजल्यावर शेजारच्या बांधकामाची चौकशी बंद करण्याचे कारण उरत नाही.

कण किती लांब जाणार हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरते. हवेच्या मोजणीत पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक कण, आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा धूलिकण दिवसाकाठी काही शे मीटर खाली उतरतो, तर एक मायक्रॉनचा कण जेमतेम काही मीटर. म्हणजे अतिसूक्ष्म कण स्वतःच्या वजनाने जमिनीवर येईल याची वाट पाहण्यात अर्थ नसतो; पावसाने धुतला जाईपर्यंत किंवा कशावर तरी आदळून चिकटेपर्यंत तो हवेतच राहतो, आणि कोरड्या ऋतूत हा काळ आठवडाभराचाही असू शकतो. ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा एका दिवसात ४८० किलोमीटर अंतर कापतो. कराचीपासून मुंबई सरळ रेषेत ९०० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे हा दोन दिवसांचाच मार्ग झाला, आणि वाटेत समुद्रावर ना डोंगर ना झाडी, शिवाय हिवाळ्यात पाऊसही नाही.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार मुंबईकरांना आठवत असेल. पश्चिमी झंझावातामुळे, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी हवामानामुळे, सिंध-बलुचिस्तानच्या बाजूला उठलेले धुळीचे वादळ कराचीवरून पुढे सरकले आणि वायव्येकडील वाऱ्यांबरोबर समुद्रमार्गे मुंबईपर्यंत येऊन पोहोचले. दिवसभर सूर्य पांढुरका दिसत होता, समोरच्या इमारती पुसट झाल्या होत्या, हवेत अनपेक्षित गारठा होता, आणि उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवर पिठासारखा थर बसला होता. पुण्यातही तो थर अनेकांनी पाहिला. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलेली छायाचित्रे अशाच एखाद्या दिवसाची असणार. उपग्रहाला समुद्रावरचा धुळीचा पट्टा फार ठळक दिसतो, कारण खाली काळेभोर पाणी असते. शहरावर रोज पहाटे साचणारे धुरके त्याच छायाचित्रात इतके उठून दिसत नाही, आणि माहीममधल्या एका भूखंडावरची धूळ तर मुळीच दिसत नाही.

दूरच्या प्रदूषणाचा दुसरा प्रकार मात्र कोणी ग्रुपवर टाकत नाही, कारण तो आखातातून येत नसून आपल्याच पाठीमागून येतो. हिवाळ्यात आपल्याकडे वाऱ्याची मुख्य दिशा जमिनीकडून समुद्राकडे असते. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत हवामानशास्त्रज्ञ व्ही. रामनाथन आणि नोबेल पारितोषिक विजेते पॉल क्रुट्झेन यांच्या नेतृत्वाखाली ‘इंडोएक्स’ ही आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. विमाने, जहाजे, उपग्रह आणि मालदीवमधील निरीक्षण केंद्र यांच्या साहाय्याने हिंदी महासागरावरील हवा तपासली गेली, आणि भारताचे ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाजही त्यात होते. उपखंडातून निघालेला तपकिरी धुरकट थर अरबी समुद्रावरून थेट विषुववृत्ताच्या आसपासपर्यंत पसरतो आणि त्याचा मोठा भाग मानवनिर्मित असतो, असे त्या मोहिमेत दिसून आले. त्या वाऱ्याच्या वाटेत शेवटचा थांबा किनाऱ्यावरील शहरांचा असतो. कोळशावर चालणारी वीजकेंद्रे, वीटभट्ट्या, गळीत हंगामात शेतात पेटवले जाणारे उसाचे पाचट, चुली आणि कचऱ्याच्या आगी यांचा धूर घाटमाथा ओलांडून खाली उतरतो. त्यातही विशेष असे, की यातले बरेचसे कण धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडलेलेच नसतात. बाहेर पडतो तो सल्फर डायऑक्साइडसारखा वायू. हवेतील रासायनिक क्रियांमुळे त्याचे प्रवासात सल्फेट होते आणि शेतीतून येणाऱ्या अमोनियाशी संयोग होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात. कणाचा जन्मच वाटेत झालेला असल्यामुळे बोट नेमके कोणत्या गावाकडे दाखवायचे हा प्रश्न उरतो, आणि अनेकांना तो सोयीचाही वाटतो.

आता आपल्या खिडकीबाहेरच्या हवेकडे येऊ. समुद्राकाठी हवा नेहमीच स्वच्छ असते ही समजूत दिवसाच्या काही तासांपुरती खरी आहे. हिवाळ्यात सूर्यास्तानंतर जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो, त्यामुळे वाहने, बेकऱ्या, शेकोट्या, कचरा आणि बांधकामे यांतून निघालेले सर्व काही खालच्या उथळ थरात कोंडले जाते. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे मंदपणे ही मळकी हवा समुद्रावर नेऊन ठेवतात. दुपारच्या सुमारास खारे वारे सुरू झाले, की तिचा काही भाग पुन्हा किनाऱ्याकडे येतो. तरीही दुपारची हवा पहाटेपेक्षा पुष्कळ बरी असते, कारण तोवर ऊन तापून वरचा थर मोडतो आणि प्रदूषण अधिक उंचीपर्यंत पसरून विरळ होते. खारे वारे उशिरा सुटले किंवा दुबळे राहिले, तर शहराला त्याची किंमत मोजावी लागते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात काही दिवस मुंबईची हवा दिल्लीपेक्षा वाईट नोंदली गेली होती. सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ‘ला निना’मुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड राहिल्यामुळे, वाऱ्यांचे नेहमीचे गणित बिघडले, असे काही शास्त्रज्ञांनी त्या वेळी मांडले. वारे बिघडल्याने प्रदूषण साचले हे खरे मानले, तरी साचलेला माल शहराचाच होता.

‘बाहेरून येते’ हा युक्तिवाद जगात इतरत्रही चालतो. दक्षिण कोरियात वर्षानुवर्षे चीनकडे बोट दाखवले जात होते आणि चीन ते नाकारत होता. अखेर चीन, जपान आणि कोरिया यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या अभ्यासाचा सारांश नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोल, तेजॉन आणि बुसान या शहरांतील २०१७ च्या पीएम २.५ पैकी सरासरी ३२ टक्के चीनमधून आणि ५१ टक्के कोरियातूनच आलेले होते, असे त्यात निघाले. शेजारी चीनसारखा असूनही निम्मे घरचेच! मुंबईचे प्रमाण त्या आकड्यांवरून काढता येणार नाही, कारण भूगोल निराळा आणि वारेही निराळे. पण सेक्रेटरींनी पुढच्या सभेत पुन्हा उपग्रह काढला, तर हे उदाहरण आपल्या हाताशी असावे.

एखाद्या दिवशी आलेली धूळ दूरची की जवळची, हे आपल्याला घरबसल्या बऱ्याच अंशी ओळखता येईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर किंवा संकेतस्थळावर केवळ शहराचा एक आकडा न पाहता वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, कुलाबा, बोरिवली, तसेच शक्य झाल्यास ठाणे-कल्याणकडील केंद्रे वेगवेगळी पाहावीत. सगळीकडचे आकडे काही तासांच्या अंतराने एकदमच चढले आणि त्यात पीएम १० ची उडी पीएम २.५ पेक्षा फार मोठी असली, तर ती बहुधा बाहेरून आलेली वाळवंटी धूळ असते. सगळीकडे पीएम २.५ च वरचढ असेल आणि दोन-तीन दिवस तसाच राहील, तर दूरचा धूर आणि घरचा धूर एकत्र साचलेला असतो. एकाच केंद्रावर आकडा चढला आणि बाकीची केंद्रे शांत राहिली, तर कारण त्या केंद्राच्या परिसरातच शोधावे. माहीमच्या दोन भूखंडांमधली धूळ मात्र यातल्या कोणत्याही केंद्रावर स्पष्ट उमटेलच असे नाही. तिच्यासाठी घरातल्या खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसून पाहणे हीच खरी चाचणी. करडा, सिमेंटी, बोटांना खरखरीत लागणारा थर रोज जमत असेल, तर तो कराचीहून आलेला नाही.

आपल्या मीटरबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी, की ते बहुधा दर घनमीटर हवेतील मायक्रोग्रॅम दाखवते आणि मोबाइलवरचा आकडा हा निर्देशांक असतो; या दोहोंची थेट तुलना करता येत नाही. भारतीय निर्देशांकात १४० म्हणजे ‘मध्यम’ श्रेणी, परंतु पीएम २.५ खरोखरच १५० मायक्रोग्रॅम असेल, तर निर्देशांक ३०० च्या वर, ‘अत्यंत वाईट’ श्रेणीत जातो. शिवाय मोबाइलवरचा निर्देशांक मागील २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, आणि आपले मीटर त्या क्षणाची हवा सांगते. दुसरी गोष्ट खास किनाऱ्यावरची आहे. अशी स्वस्त मीटरे प्रकाश विखुरण्यावरून कण मोजतात, आणि पहाटेच्या दमट हवेत क्षार व सल्फेटचे कण पाणी शोषून फुगतात, त्यामुळे मीटर प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त आकडा दाखवते. म्हणून मीटर फेकून देऊ नये, पण त्याच्या आकड्यापेक्षा चढउताराकडे लक्ष द्यावे : कोणत्या वेळी वाढतो, कोणत्या खोलीत वाढतो, फोडणी दिल्यावर किती वाढतो.

या सगळ्याआधी करण्याची गोष्ट मात्र हवेशी संबंधित नाही. निळा पंप आठवड्यातून तीन-चार वेळा लागतो, याचा सरळ अर्थ मुलाचा दमा आटोक्यात नाही असा होतो. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा तो लागू लागला, की डॉक्टरांकडे जाऊन उपचार तपासून घ्यायचे असतात. निळा पंप तात्पुरता आराम देतो, श्वासनलिकांची सूज उतरवणारा दुसरा पंप रोज घ्यावा लागतो, आणि पावसाळ्यात मूल बरे दिसले म्हणून अनेक पालक तो परस्पर बंद करतात. आपण केले असेल असे मी म्हणत नाही, परंतु सप्टेंबरअखेरीस डॉक्टरांना भेटून हिवाळ्यासाठीचे औषध, स्पेसरने (पंपाला जोडायच्या नळकांड्याने) पंप घेण्याची पद्धत, फ्लूची लस आणि त्रास वाढल्यास काय करायचे याची लेखी सूचना घेऊन ठेवावी. सूज आटोक्यात असलेली श्वासनलिका वाईट हवेचा दिवस पुष्कळ अधिक चांगला सोसते.

खिडक्या दिवसभर बंद ठेवू नयेत. हिवाळ्यात रात्री दहापासून सकाळी नऊ-दहापर्यंत रस्त्याकडच्या आणि बांधकामाकडच्या खिडक्या बंद, आणि दुपारी खारे वारे सुरू झाल्यावर समुद्राकडच्या उघड्या, असा क्रम ठेवावा. बांधकामाचे फोडकाम त्याच वेळी चालत असेल, तर त्या बाजूची खिडकी बंदच बरी. घरातील वडीलधारी मंडळी पहाटेच्या फेरफटक्याला मुलाला सोबत नेत असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती वेळ संध्याकाळवर न्यावी. रुमाल, ओढणी किंवा कापडी मास्क यांतून अतिसूक्ष्म कण सहज आत जातात. एन ९५ मास्क उपयोगी पडतो, पण तो मुलाच्या चेहऱ्याच्या मापाचा आणि कडेने फट न ठेवणारा हवा, मोठ्यांचा मास्क घट्ट गाठ मारून लावल्याने भागत नाही. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे असेल, तर ते मुलाच्या झोपण्याच्या खोलीपुरते घ्यावे. दहा बाय बारा फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३२ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे धरले, तर यंत्राच्या खोक्यावर ‘सीएडीआर’ (यंत्र ताशी किती स्वच्छ हवा देते ते माप) या नावाखाली ताशी १६० घनमीटर किंवा अधिक असा आकडा असावा आणि गाळणी हेपा प्रकारची, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी, असावी. ओझोन निर्माण करणारी यंत्रे दम्याच्या मुलाच्या खोलीत नकोत. आणि त्याच खोलीत डासांसाठी कॉइल जळत असेल, तर यंत्रावरचा खर्च वाया गेला असे समजावे : २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ बाहेर पडते. मच्छरदाणी लावावी. धूप आणि उदबत्तीबद्दल घरात वाद होण्याचा संभव आहे. देव्हाऱ्यात निरांजन पुरेसे आहे एवढे म्हणून पाहावे.

आता बांधकाम. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानेही हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट आणि त्याहून लहान भूखंडाभोवती २५ फूट उंच पत्रे, इमारतीभोवती हिरवे कापड किंवा ताडपत्री, फोडकाम व मालाची चढउतार होताना पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे, या त्यातील प्रमुख अटी आहेत. ‘धुळीचा फार त्रास होतो’ अशी तक्रार फाइलमध्ये पडून राहते. ‘अमुक तारखेला सकाळी अमुक वाजता पाणी न मारता फोडकाम चालू होते, पूर्वेकडील पत्रा तुटलेला होता, छायाचित्र जोडले आहे’ अशा तक्रारीला उत्तर द्यावे लागते. माहीम पालिकेच्या जी-उत्तर विभागात येते. तेथील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि काम चालू असताना पालिकेच्या १९१६ या क्रमांकावरही नोंदवावे. सोसायटीने ठराव करून लेटरहेडवर पत्र दिले, तर त्याचे वजन अधिक पडते. सेक्रेटरी तयार नसतील, तर दम्याचे रुग्ण किंवा वृद्ध असलेल्या इतर घरांच्या सह्या आपणच घ्याव्यात.

राहिला रत्नागिरीचा विचार. तिथे बांधकामे आणि वाहने कमी, म्हणून कण कमी असण्याची शक्यता निश्चित आहे. पण देशावरून समुद्राकडे जाणारा हिवाळी धुरकट थर कोकण किनारपट्टीवरूनच जातो, तो मुंबईपुरता थांबत नाही. फेब्रुवारीनंतर डोंगरात वणवे लागतात, भातशेतीसाठी जमीन भाजण्याची भाजावळ सुरू होते, आणि शेतात जळणाऱ्या राबाचा, म्हणजे पालापाचोळा व फांद्यांचा, धूर सकाळी वाडीतच लोळत असतो. मुलाला शाळेसकट हलवण्याआधी एक हिवाळा नीट नोंदवून पाहावा, असे माझे मत आहे. औषधांच्या दुकानात पीक फ्लो मीटर नावाचे फुंकण्याचे साधे उपकरण मिळते. दसऱ्यापासून रोज सकाळी व संध्याकाळी मुलाला तीन वेळा फुंकायला लावून त्यातील सर्वांत मोठा आकडा, त्या दिवशीचे जवळच्या केंद्रावरील पीएम २.५, पंप किती वेळा लागला आणि शेजारी फोडकाम होते का, एवढे चार रकाने वहीत भरावेत. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत तो गावी गेला, तर तेथेही हीच नोंद चालू ठेवावी. गावी फुंकण्याचा आकडा खरोखर वाढत असेल, म्हणजे श्वास सुधारत असेल, तर डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यायला आपल्याकडे आधार राहील. मात्र त्यापूर्वी सासूबाईंना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : न्हाणीतले पाणी अजून चुलीवर तापते का, आणि रात्री दोन वाजता मुलाला धाप लागली, तर नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) आणि ऑक्सिजन असलेले रुग्णालय किती मिनिटांवर आहे.